हिमालयन ४११ : बंद झाली, तरी मी हीच ठेवणार

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन मोटरसायकलबद्दल 'ही बंद होणार, नवीन येणार' ही कुजबुज कोल्हापुरात आम्ही गाडीवाले भेटलो की हमखास व्हायची. शेवटी खरी ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये रॉयल एनफिल्डने ४५२ सीसीची लिक्विड कूल्ड (द्रवानं इंजिन थंड ठेवणारी) हिमालयन आणली आणि २०१६ पासूनची ४११ सीसीची, म्हणजे माझ्याकडची, थांबली. पण त्याच कुजबुजीला 'आता पार्ट मिळणार नाहीत, गाडीला किंमत राहणार नाही' अशी शेपटी होती. तिला घाबरून लोकांनी चांगल्या गाड्या विकल्या, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी उंची पाच फूट तीन इंच. ४११ ची सीट ८०० मिमी, नवीची ८२५. कागदावर हा फरक काहीच नाही. भुईबावडा घाटात, पावसात, समोरून एसटी आली म्हणून उतारावर थांबायचं झालं की मग कळतं. चवडा टेकतो का नुसती बोटं, यावर १९९ किलोची गाडी सावरणार की आडवी होणार हे ठरतं. नवीला कमी उंचीची सीट वेगळी मिळते, पण मला हिच्यात ती गरजच नाही.

४११ चं इंजिन ३२ एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद) देतं, तेही ४०००-४५०० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन फार न पळवता. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं रांगत जायचं असलं, तरी दुसऱ्या गिअरवर निवांत चालते. गगनबावड्याच्या धुक्यात तर हाच वेग बरा. पुणे हायवेवर मात्र २४ बीएचपीची शक्ती आणि पाच गिअर तोकडे वाटतात. दर आठवड्याला पुणं गाठणाऱ्यानं सरळ ४० बीएचपीची, सहा गिअरची नवी घ्यावी.

पार्टचं म्हणाल तर हेच इंजिन कंपनीच्याच स्क्रॅम ४११ या गाडीलाही होतं, म्हणजे पार्ट एकट्या हिमालयनपुरते नाहीत. नवीसारखा रेडिएटर नाही, त्यामुळं ती भानगडच नाही. लगेजचं ब्रॅकेट वगैरे उद्यमनगरात आपल्यासमोर बनवून मिळतं, आणि कामही लई नेटकं.

सेकंडहँड बघताय? २०२० पासूनची बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) बघा, तिच्यात मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतं. खडीच्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडकलं तर कोनसेटचा (हँडलच्या बेअरिंगचा) खर्च किमतीतून वजा करायला सांगा.