काळ्या मातीतली वाट आणि मागचं लॉकिंग डिफरन्शियल: पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

दारव्हा तालुक्यात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो. गाडी मला दोन अगदी वेगळ्या कामांसाठी लागते. यवतमाळला औषधं आणायला, पुढे नागपूर-तुळजापूर महामार्गाने वर्ध्याकडे जायला सरळ डांबरी रस्ता आहे. बाकी सगळं पांदणीवर, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर. म्हैस अडली की ती वावरातल्या गोठ्यातच अडते, आणि बऱ्याचदा पावसातच. म्हणून नवी गाडी घेताना इंजिन, स्क्रीन, सीट कव्हर यांच्या आधी मी एकच गोष्ट पाहिली: मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल कोणतं आहे. शेवटी बोलेरो निओची एन 10 (ओ) घेतली. 1.5 लिटर डिझेल, 100 पीएस, 260 न्यूटन-मीटर, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि मागे ईटन कंपनीचं आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉक, जे गरज पडली की मागची दोन्ही चाकं एकत्र बांधतं. महिंद्रा त्याला मल्टी टेरेन टेक्नॉलॉजी म्हणते. निओच्या खालच्या प्रकारांत हे लॉक येत नाही, हे शोरूममध्ये नीट विचारून घ्या. बाहेरून गाडी तीच दिसते.

डिफरन्शियल मुळात कशाला असतं? मागच्या दोन चाकांत ढोबळ दीड मीटर अंतर धरलं, तर पूर्ण यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 4.7 मीटर जास्त चालतं. हा फरक कुठेतरी जिरायला हवा, तो डिफरन्शियल जिरवतं. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलची अडचण अशी की ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. एक चाक चिखलात रिकामं फिरायला लागलं की त्याला फिरवायला जेवढा थोडा जोर लागतो, तेवढाच घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला मिळतो. एवढ्याशा जोरात गाडी हलत नाही. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही, कारण ट्रॅक्टरवर उजव्या टाचेजवळचं लॉकचं पेडल प्रत्येकाने दाबलेलं असतं, आणि लॉक लावून वळायचं नाही हेही लहानपणापासून ऐकलेलं असतं.

माझा भाचा नागपूरला राहतो. त्याला क्वार्टर माइलचं, म्हणजे 402 मीटरच्या सरळ शर्यतीचं वेड आहे. मागच्या चाकांवर चालणारी एक जुनी सेडान त्याने त्यासाठीच बांधायला घेतली आहे. माझ्या गाडीवरून आमची बरीच चर्चा झाली. त्याचं म्हणणं होतं, "मामा, आतली गिअर वेल्ड करून टाका, दोन्ही चाकं कायमची एक." शर्यतीच्या पट्टीवर त्याचं बरोबर आहे. दोन्ही मागची चाकं एकाच ताठ दांड्यावर असलेल्या, म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत जोरात निघताना ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे उजव्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. ओपन डिफरन्शियल असलं की तेच चाक सटकतं आणि रस्त्यावर एकच काळा पट्टा उमटतो. वेल्ड केलं किंवा डिफरन्शियलच्या जागी स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं कायमची जोडणारा ठोकळा, बसवलं की दोन्ही टायर मिळून गाडीला पुढे रेटतात, आणि तिथे वळायचं नसतंच. रस्त्यावर मात्र प्रत्येक वळणाला ते 4.7 मीटर टायर घासून आणि अ‍ॅक्सल शाफ्टला पीळ देऊनच भागवावे लागतात. ओल्या डांबरावर मागची बाजू सरकते ती वेगळीच. रोज बाजारात, घाटात, शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीत हे काम कुणी करू नये, असं माझं ठाम मत आहे. भाच्यालाही मी सांगितलं की गाडी आठवडाभर रस्त्यावर आणि कधीतरी पट्टीवर पळवायची असेल, तर क्लच प्लेटचं किंवा हेलिकल (तिरक्या दातांच्या) गिअरचं लिमिटेड स्लिप घे, म्हणजे एका चाकाचं सटकणं मर्यादेत ठेवणारं डिफरन्शियल.

ते मी माझ्यासाठी का निवडलं नाही? हेलिकल प्रकार, ज्याला टॉर्सन म्हणून ओळखतात, डांबरावर फार गुळगुळीत चालतो. पण कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो, त्याच्या काही पटच तो दुसऱ्याला देतो. चाक चाकोरीच्या खड्ड्यात जवळजवळ हवेत लटकलं, तर शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. क्लच प्लेटचं लिमिटेड स्लिप इथेही थोडं ओढतं, पण प्लेट झिजतात आणि मग ते हळूहळू ओपनसारखंच वागू लागतं. फोर्स गुरखात पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल हाताने लॉक करता येतं, चिखलात त्याला तोड नाही. पण माझं निम्म्याहून जास्त फिरणं डांबरावर, म्हणून तिकडे गेलो नाही.

ईटनच्या लॉकमध्ये बटण नाही, लिव्हर नाही. आत वजनांचा एक छोटा गव्हर्नर, म्हणजे वेगावर चालणारा नियंत्रक, आहे. दोन्ही चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की वजनं बाहेर फाकतात, अडणी (खटका) अडकते, कॅम, म्हणजे उतरत्या कडेचा भाग, क्लच प्लेट आवळतो आणि दोन्ही बाजू एक होतात. माझ्या 215/75 आर 15 टायरचा घेर सुमारे 2.2 मीटर येतो. म्हणजे हा फरक ताशी 13 किलोमीटरचा झाला. ताशी 10 च्या वेगाने अगदी आवळून वळलं तरी दोन चाकांतला फरक याहून बराच कमी राहतो. म्हणूनच रोजच्या वळणावर हे लॉक लागत नाही, आणि बाजारात गाडी लावता-काढताना ते आत आहे याची आठवणही येत नाही. ताशी 30 च्या वर तर अडणी बाजूलाच राहते, लॉक लागूच शकत नाही. महामार्गाच्या दृष्टीने मला हीच सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. रिव्हर्समध्येही ते लागतं. गॅस सोडला, ताण उलटा झाला की सुटतं.

आता खऱ्या चिखलाबद्दल. भाद्रपदात एका रात्री बोलावणं आलं, गोठा पांदणीने आत. धुऱ्यापाशी, म्हणजे बांधावर, बॅटरी घेऊन उभा असलेला शेतकरी म्हणाला, "डाक्टरसायब, गाडी इथंच राहू द्या, पुढं लय चिकण हाये, फसन. ट्रॅक्टर आणू काय?" म्हशीला वेळ नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये आत शिरलो. बैलबंडीच्या चाकोरीत डावं मागचं चाक उतरलं आणि जागेवर फिरू लागलं, माती मडगार्डवर थपथप आपटत होती. इथे हात-पाय आवरणं महत्त्वाचं आहे. माणूस घाबरून गॅस सोडतो, परत देतो, परत सोडतो, आणि लॉकला लागायला सवडच मिळत नाही. मी पाय तेवढाच ठेवला. मागून सीटखाली "खट्" असा एक ठोका बसला, उजव्या चाकाने जमीन धरली आणि गाडी चाकोरीतून वर आली. तो ठोका पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी तुटलं असं वाटेल. लॉक लागल्याचा तो आवाज आहे. मात्र चाक पूर्ण वेगात भिरभिरत असताना लॉक लागू देऊ नका, शाफ्टला धक्का बसतो. अर्धा गॅस पुरतो. म्हैस सुटली, पारडू जगलं.

एक धोका कुणी सांगत नाही. आपल्या पांदणी मधे उंच आणि कडेला उतरत्या असतात. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं तेव्हा दुसरं न फिरता निदान आडवी पकड ठेवतं. लॉक लागून दोन्ही चाकं एकदम फिरली की ती पकडही जाते आणि गाडीचा मागचा भाग कडेच्या नाल्याकडे घसरतो. अशा वाटेवर मी चाकं उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना समान ठेवून जातो. घसरायला लागलीच तर गॅस सोडून देतो आणि मग खुशाल ट्रॅक्टर बोलावतो.

टायरचं महत्त्व तर वेगळंच. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत बसते, मग टायर गुळगुळीत झाल्यातच जमा. दोन्ही चाकं अशी गुळगुळीत झाली की लॉक दोघांनाही सारखंच रिकामं फिरवतं. कंपनीचे टायर डांबरासाठी बरे आहेत. ज्यांचं काम पांदणीवरच आहे त्यांनी मोठ्या खाचांचे ऑल-टेरेन टायर आधी घ्यावेत. बाकी आमच्या भागात शेतरस्त्यांच्या मातोश्री पाणंद योजनेतून जिथे मुरूम पडला, तिथे लॉकची गरजच उरली नाही. अशा वाटा आणखी व्हाव्यात असं मनापासून वाटतं.

देखभालीत एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे तेल. एका मिस्त्रीने लिमिटेड स्लिपमध्ये टाकतात ते फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण कमी करणारं द्रव्य, टाकायला काढलं होतं. मी हात धरला. या लॉकचं कामच प्लेटच्या घर्षणावर सुरू होतं, ते घर्षण कमी केलं तर लॉक उशिरा लागेल. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं गिअर ऑइल, त्याच ग्रेडचं, एवढंच. नाल्याच्या पाण्यातून अ‍ॅक्सल बुडवून गाडी काढली असेल तर तेल भरायचं झाकण, म्हणजे फिलर प्लग, खोलून बोट घालून पाहा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला, बेअरिंग आणि आतली मुख्य गिअर (क्राऊन-पिनियन) दोन्ही वाचतील.

जुनी निओ घेणाऱ्यांसाठी: एक मागचं चाक ओल्या गवतावर किंवा सैल मातीवर आणि दुसरं घट्ट जमिनीवर राहील अशी गाडी उभी करा, शक्यतो थोड्या चढावर. पहिल्या गिअरमध्ये सावकाश गॅस द्या. सैल जागेवरचं चाक एक-दोन फेरे फिरून ठोका यायला हवा आणि गाडी निघायला हवी. चाक नुसतंच फिरत राहिलं, किंवा डांबरावर साधं वळतानाच कटकट ऐकू आली, तर हाउसिंग उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.