पदयात्रा की जाहीरनामा?
विरोधी पक्षातला एक तरुण कार्यकर्ता परवा विचारत होता: पैसा थोडाच आहे, गावोगाव चालू की जाहीरनामा छापू?

काँग्रेसने दोन्ही केलं. ७ नोव्हेंबर २०२२ ला भारत जोडो यात्रा देगलूरला महाराष्ट्रात शिरली. लोक भेटले, गाऱ्हाणी कळली. पण माणसं नि खर्च भरमसाट. आणि धोरण? रस्त्याकडेच्या म्हातारीला आठवतो तो हातात घेतलेला हात. एप्रिल २०२४ चं ‘न्यायपत्र’, म्हणजे लोकसभेचा जाहीरनामा, त्यामानाने स्वस्त, शब्द पक्के, पुढे जाबही विचारता येतो. पण अख्खं वाचतो कोण? गरीब घरातल्या बाईला वर्षाला १ लाख, एवढंच तोंडी राहिलं.

गावात पक्षाला कुणी ओळखत नसेल तर चाला. ओळख आहे, पण ‘तुम्ही करणार काय?’ असं विचारतात? मग एकच पान छापा, मोठ्या अक्षरांत.