महाबळेश्वरच्या थंडीत टनेल किट: पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑक्टोबरच्या मध्यावर मी घरच्या भाजीसाठी एक टनेल किट (वाफ्यावर कमानी उभारून वर प्लास्टिक ताणायचा संच) ऑनलाइन मागवले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत ते रोज वापरले. मागवण्यापूर्वी वाचलेले बहुतेक अभिप्राय किट उभे केल्याच्या पहिल्याच आठवड्यात लिहिलेले होते, आणि थंडीच्या उपकरणाचा अभिप्राय थंडी पडण्याआधी लिहिण्यात फारसा अर्थ नसतो, म्हणून मी हा अनुभव मुद्दाम एवढा उशिरा लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगते: किट टाकाऊ नाही, पण ज्या देशांतल्या हिवाळ्यासाठी त्याची रचना झाली आहे तो हिवाळा आपला नाही. हे कळायला मला पालकाचा एक संपूर्ण वाफा गमवावा लागला.

आमचे घर वेण्णा तलाव आणि लिंगमळा यांच्या दरम्यानच्या खोलगट भागात आहे. साताऱ्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही येथे राहायला आलो, आणि पहिल्याच हिवाळ्यात परसातली मिरची व वांगी एका रात्रीत काळी पडलेली पाहिली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. वेण्णा परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी जवळजवळ दर हिवाळ्यात येते, आणि त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो. यात कोणीही खोटे सांगत नसते. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून चार-एक फूट उंचीवर, झडपांच्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन, गवत आणि पाने मात्र आपली उष्णता थेट मोकळ्या आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक गार होतात. त्यातच गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून ओघळत येऊन आमच्यासारख्या खोलगट जागी साचते. त्यामुळे बाजारपेठेच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला किटची गरज पडत नाही आणि मला पडते, जरी आम्ही दोघी एकाच गावात राहतो.

किटमध्ये फायबरच्या सहा लवचिक काड्या, अतिनील किरणांना टिकणारा पारदर्शक पॉलिथिनचा कागद, प्लास्टिकच्या क्लिपा आणि जमिनीत ठोकायच्या खुंट्या होत्या. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा त्यात झाकला जातो. मला ते ३,८०० रुपयांना पडले. त्याशिवाय वाईच्या एका कृषी सेवा केंद्रातून १७ जीएसएमचे (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे) पांढरे क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचे हलके कापड, मीटरवर कापून आणले, जे आपल्याकडे कलिंगड आणि पपईच्या प्लॉटवर सर्रास दिसते, आणि कमाल-किमान तापमापकही घेतले. एकाच मापाचे तीन वाफे केले: एकावर किट, दुसऱ्यावर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेच्या कमानींवरून क्रॉप कव्हर, आणि तिसरा उघडा. आमची माती जांभ्याची, तांबडी आणि आम्लधर्मी असल्यामुळे तिन्ही वाफ्यांत आधी चुना आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळले. हे केले नसते तर पालकाने थंडीची वाटही पाहिली नसती.

पहिली चूक थंडीने नव्हे, उन्हाने दाखवून दिली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन दिवसांसाठी साताऱ्याला गेलो आणि टनेल दोन्ही टोकांनी बंद ठेवला. परत आल्यावर चार पानांवर आलेला पालक उकडल्यासारखा जमिनीला चिकटलेला होता. तापमापकाची कमाल खूण ४३ अंशांवर अडकली होती, तर सावलीतले तापमान त्या दिवसांत २५ च्या पुढे गेलेले नव्हते. शेजारच्या स्ट्रॉबेरी बागायतदारांनी कुंपणावरून वाफा पाहिला आणि म्हणाले, "काकू, दुपारचा कागद उचलत जावा, न्हाईतर भाजी आतच शिजंल." त्यानंतर रोज सकाळी नऊच्या सुमारास दोन्ही टोके उघडायची आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी, साधारण साडेचार वाजता, बंद करायची, हा नेम ठरला. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात ही सूचना एका ओळीत, तीही शेवटी, दिलेली आहे. माझ्या मते ती पाकिटावर मोठ्या अक्षरांत हवी.

दुसरी गोष्ट मला डिसेंबरमध्ये समजली आणि ती अधिक अनपेक्षित होती. माझी कल्पना अशी होती की प्लास्टिकच्या आत रात्रीही ऊब राहणार. प्रत्यक्षात स्वच्छ आकाशाच्या शांत रात्रीनंतर पहाटे उघड्या वाफ्याजवळ जमिनीलगत ३ अंश असताना टनेलच्या आतही साडेतीनच होते, आणि दोन पहाटे तर आतला आकडा बाहेरच्यापेक्षा अर्ध्या अंशाने कमी भरला. मला तापमापक बिघडल्याचा संशय आला, म्हणून तापमापकांची अदलाबदल करून पाहिली, तरी फरक तसाच राहिला. कारण नंतर उलगडले. काच आणि पॉलिथिन या दोन्हींमधून ऊन आत येते. परंतु रात्री जमीन ज्या अदृश्य किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते त्यांना काच अडवते, तर साधे पातळ पॉलिथिन बरेचसे जाऊ देते. कागदाच्या आतल्या बाजूने दव जमले की तो अडथळा काहीसा वाढतो, पण कागद कोरडा असेल तर आतली हवा बाहेरच्या किंचित उबदार वाऱ्यात मिसळण्याचा मार्ग तेवढा बंद होतो आणि फायद्याऐवजी तोटा पदरी पडतो.

याउलट मीटरवर आणलेल्या साध्या क्रॉप कव्हरखाली त्याच पहाटे सुमारे ५ अंश होते. हे कापड हवा आणि पाणी आरपार जाऊ देते, त्यामुळे ते दिवसा काढावे लागत नाही, पाणी वरूनच देता येते आणि दुपारी भाजी शिजत नाही. शेवटी जानेवारीत मी टनेलच्या आत, झाडांपासून वीतभर उंचीवर, क्रॉप कव्हरचा दुसरा थर घातला. दुसऱ्या आठवड्यात ज्या पहाटे उघड्या वाफ्यातील गवतावर बर्फाचा पांढरा थर होता आणि तापमापक शून्याला टेकला होता, त्या पहाटे दुहेरी आच्छादनाखाली ४ अंश होते. अमेरिकेतील मेन राज्यात एलियट कोलमन यांनी न तापवलेल्या हरितगृहात असेच आतले दुसरे हलके आच्छादन वापरून भर हिवाळ्यात भाजी काढण्याची पद्धत रूढ केली. तेथे बाहेर बर्फ असतो, त्यामुळे त्यांना दोन्ही थर अपरिहार्य आहेत. आम्हाला हंगामात फार तर आठ-दहा रात्री ते लागले.

आच्छादनाइतकाच उपयोग ओल्या मातीचा झाला. कोरडी भुसभुशीत माती उष्णता साठवत नाही, ओली माती साठवते. म्हणून थंडीचा अंदाज असेल त्या दिवशी मी दुपारी दोनच्या आत वाफ्याला पाणी देत असे, म्हणजे उन्हात ते तापायला वेळ मिळे. सायंकाळी पाणी दिल्यास पाने ओली राहतात आणि करपा व केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांना आमंत्रण मिळते. टनेलमध्ये काळ्या रंगवलेल्या पाण्याच्या बाटल्याही ठेवून पाहिल्या. त्यांनी फार तर एका अंशाचा फरक पडला आणि वाफ्यातील जागा मात्र बरीच गेली.

ग्रो लाइटवर, म्हणजे रोपांना कृत्रिम उजेड देणाऱ्या दिव्यावर, खर्च केलेले दीड हजार रुपये मला अजूनही टोचतात. थंड देशांतील व्हिडिओंमध्ये दिवे आवश्यक असल्याचे वारंवार सांगितले जाते, आणि त्यांच्यासाठी ते खरेही आहे. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, आणि ४४ अक्षांशावरील मेनमध्ये डिसेंबरचा दिवस पावणेनऊ तासांच्या आसपास असतो. महाबळेश्वर १८ अक्षांशाच्या जवळ आहे. आमचा सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा. लडाखमध्ये बाहेर उणे २० अंश असतानाही उत्तरेला जाड मातीची भिंत आणि दक्षिणेला पॉलिथिन अशा सौर हरितगृहांत पालक पिकतो, कारण तेथे ऊन भरपूर आहे आणि दिवसाची उष्णता भिंत रात्रीपर्यंत धरून ठेवते. आपल्याकडे तर उजेडाची उणीव नाहीच, केवळ काही रात्रींची थंडी आहे. दिवा आता घरात मिरचीच्या रोपांच्या ट्रेवर लावते, तेवढाच त्याचा उपयोग.

पिकांबद्दल सांगायचे तर मेथी, कोथिंबीर, मुळा, नवलकोल आणि लेट्यूस या पाच भाज्यांनी तिन्ही वाफ्यांत कमी-अधिक यश दिले, आणि खरे पाहता नवलकोल व मुळ्याला कोणत्याही आच्छादनाची गरज नव्हती. गाजर उघड्या वाफ्यातलेच सर्वांत गोड निघाले. थंडीत वनस्पती आपल्या पेशींत साखर वाढवते, त्यामुळे पेशींतील पाणी लवकर गोठत नाही, आणि आपल्याला गोडवा मिळतो. ऊब दिलेल्या वाफ्यातील गाजरे दिसायला सरळ होती, पण चवीला फिकी. देशी पालक, जो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटचा भाऊबंद आहे, गोठणाऱ्या रात्रींनंतर उघड्या वाफ्यात कडांनी करपला, तर विलायती पालकाला काहीच झाले नाही. मटाराचा वेल टिकला पण फुले गळली. टोमॅटोचा हट्ट मी सोडायला हवा होता: झाडे दुहेरी आच्छादनाखाली जिवंत राहिली, फुलेही आली, परंतु रात्रीचे तापमान दहाच्या खाली असेल तर फलधारणा नीट होत नाही, आणि फेब्रुवारीपर्यंत मला मोजून सात टोमॅटो मिळाले. मावा आणि गोगलगाई टनेलमध्ये उघड्या वाफ्यापेक्षा जास्त आढळल्या, कारण ऊब आणि ओल त्यांनाही मानवते.

टिकाऊपणाबाबत दोन तक्रारी आहेत. प्लास्टिकच्या क्लिपा डिसेंबरपासूनच तडकू लागल्या आणि चोवीसपैकी नऊ तुटल्या. विक्रेत्याला दोनदा लिहूनही बदली क्लिपा आल्या नाहीत, शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून काम भागवले, आणि त्या मूळ क्लिपांपेक्षा चांगल्या निघाल्या. दुसरी तक्रार किटची नाही, वानरांची आहे. पारदर्शक कागदातून कोवळा मुळा दिसतो हे त्यांनी आठवडाभरात ओळखले आणि कागद दोन ठिकाणी फाडला. पांढऱ्या अपारदर्शक क्रॉप कव्हरला त्यांनी हात लावला नाही, कदाचित आत काय आहे ते न कळल्यामुळे. गव्यांपुढे मात्र कोणतेच आच्छादन टिकणार नाही, त्यासाठी कुंपणच हवे.

साताऱ्यात, कऱ्हाडात किंवा सांगली-मिरजेकडे राहणाऱ्यांनी हे किट घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगते. तेथील हिवाळा पालेभाजीला उलट अनुकूल असतो आणि टनेलमुळे उष्णतेचाच त्रास होईल. पाचगणी, महाबळेश्वर किंवा जावळीच्या खोऱ्यातील सखल, धुके साचणाऱ्या जागी परसबाग असेल, तर प्रथम जीआय तारेच्या कमानी आणि क्रॉप कव्हर घ्यावे. तीन मीटरच्या वाफ्याला तो खर्च किटच्या पाचव्या भागाहून कमी येतो. एक हिवाळा तापमान मोजून, खरोखर शून्याजवळ जाणाऱ्या रात्री किती आहेत ते पाहूनच वरच्या प्लास्टिकचा विचार करावा. पावसाळ्यात किट वापरण्याचा प्रश्नच येत नाही. जून ते सप्टेंबर येथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; माझ्या काड्या आणि कागद मे महिन्यातच माळ्यावर जातील.

मी या किटला पाचपैकी अडीच गुण देते. पुढच्या ऑक्टोबरात काड्या त्याच राहतील, वर क्रॉप कव्हर असेल, आणि प्लास्टिकचा कागद घडी करून दाराशी ठेवीन, म्हणजे जानेवारीतील त्या आठ-दहा रात्री तो संध्याकाळी टाकता आणि सकाळी काढता येईल. टोमॅटो लावणार नाही.