रग्बी लीग क्लबात पैसा घालायचा असेल तर: एनआरएल की सुपर लीग?

रग्बी लीगच्या, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीच्या, एखाद्या क्लबात पैसा घालू पाहणाऱ्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) आणि इंग्लंडच्या उत्तर भागात रुजलेली सुपर लीग. दोन्हीकडे खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे आणि दोन्हीकडे दूरचित्रवाणीचा पैसा आधी लीगकडे जमा होऊन मग क्लबांत वाटला जातो. त्यामुळे संघाची गुणतालिका पाहण्यापूर्वी एवढेच तपासावे, की ही वाटणी वेतनमर्यादेपेक्षा जास्त आहे की कमी.

एनआरएलमध्ये ती जास्त आहे. नाइन आणि फॉक्सटेल या दूरचित्रवाणी कंपन्यांशी झालेला २०२३ ते २०२७ या काळाचा प्रक्षेपण करार सुमारे २०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा मानला जातो. २०२३ मध्ये क्लबाची वेतनमर्यादा १ कोटी २१ लाख डॉलर झाली आणि लीगचे अनुदान तिच्याहून मोठे असते. साहजिकच क्लबाला चांगला खेळाडू परवडतो का, हा प्रश्न उरत नाही. मर्यादेत त्याला बसवता येते का, हा उरतो. मोह मात्र तिथेच होतो. हिशेबाची दुसरी, गुप्त वही ठेवून मर्यादा ओलांडल्याबद्दल मेलबर्न स्टॉर्म या क्लबाची २००७ आणि २००९ ची विजेतेपदे २०१० मध्ये काढून घेण्यात आली. परावलंबनाची किंमतही आहेच: २०२० मध्ये महासाथीने सामने थांबताच अनेक क्लबांचे धाबे दणाणले आणि प्रक्षेपकांशी नव्याने वाटाघाटी कराव्या लागल्या.

सुपर लीगची गोष्ट उलटी आहे. १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेतील क्लब मूळ रग्बी संघटनेतून फुटून निघाले तेच मुळी कामगार-खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून, आणि आजही तिथे पेच वेतनाचाच आहे. स्काय वाहिनीचा २०१७ ते २०२१ चा करार वर्षाला सुमारे ४ कोटी पौंडांचा होता. २०२४ पासूनचा वर्षाला सुमारे २ कोटी १५ लाखांचा आहे. यातली एक पैही खालच्या श्रेणींना दिली नाही असे धरले, तरी २०२५ पर्यंतच्या १२ क्लबांत प्रत्येकी १८ लाखांच्या आतच पडतात (२०२६ पासून क्लब १४ झाले), आणि वेतनमर्यादा मात्र २१ लाख पौंड. शिवाय मार्की खेळाडूचा, म्हणजे क्लबाने खास सवलतीत घेतलेल्या बड्या ताऱ्याचा, पूर्ण पगार मर्यादेत मोजला जात नाही, म्हणजे खर्चाला आणखी वाट मोकळी. मधली तूट तिकीट, प्रायोजक आणि शेवटी मालकाचा खिसा भरून काढतो. कॅनडातून सुपर लीगमध्ये आलेल्या टोरांटो वुल्फपॅकला तर या वाटणीतला हिस्सा मिळतच नव्हता; सॉनी बिल विल्यम्ससारखा तारा घेऊनही तो संघ २०२० चा हंगाम पूर्ण करू शकला नाही. सॅलफर्ड या क्लबावर २०२५ मध्ये आर्थिक कारणांसाठी १२ लाख पौंडांची वेगळी मर्यादा घातली गेली, बहुतांश कोवळी पोरे मैदानात उतरवावी लागली आणि सेंट हेलेन्सने पहिलाच सामना ८२-० असा जिंकला. वेतनाचा आकडा गुणफलकावर इतका उघड क्वचितच दिसतो.

परतावा हवा असेल तर माझा कौल एनआरएलला आहे, पण तिथे विकत घेण्यासारखे फारसे काही नसते: बरेच क्लब सभासदांचे किंवा त्यांच्या लीग्ज क्लबांचे, म्हणजे संघाशी जोडलेल्या सभासद-करमणूक क्लबांचे, आहेत. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज शेअर बाजारात आहे, पण त्याचे बहुसंख्य समभाग न्यूज कॉर्पकडे असल्याने छोट्या भागधारकाला निर्णयात आवाज नाही. सूत्रे हातात हवी असतील तर इंग्लंडच. मात्र दरवर्षीची तूट हा अपघात न मानता खरेदीच्या किमतीचाच भाग धरावा, आणि स्वतःचे मैदान व त्यावरचे उत्पन्न नसलेला क्लब टाळावा. स्कायचा सध्याचा करार २०२६ अखेर संपतो. नव्या कराराचा आकडा कळण्याआधी कोणत्याही इंग्लिश क्लबाची किंमत ठरवू नये.