बायोस अपडेटनंतर बंद पडलेला बोर्ड आणि मागच्या बाजूचं ते बटण : वर्षभराच्या वापरानंतर

बी६५० चिपसेटचा हा मदरबोर्ड घेऊन वर्ष होत आलं. स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, ती इथे परत उतरवत नाही. सोबत रायझन ७ ७७००, डीडीआर५ च्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक आणि एक मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड. काम चाळीसगावात, लग्नाचे फोटो आणि अल्बम. छायाचित्रकार केकी मूस ज्या गावात राहिले त्या गावात फोटोचं काम करताना गिऱ्हाइकाला कच्चं काम देऊ नये असं मी मानतो, म्हणून मशीनवर पैसा घालताना हात आखडला नाही. बाकी सगळीकडे आखडतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर माझी तक्रार अजून चालू आहे, आणि हा प्रकार कुठल्याही कंपनीच्या बोर्डावर होऊ शकतो.

सुरुवातीचे महिने बोर्डाबद्दल मी सगळ्यांना चांगलंच सांगत होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, दुकानात नुसता कूलर, तरी दुपारी अल्बमची शेकडो पानं एक्सपोर्टला लावली तर मशीन अडकलं नाही. एकच खोड होती. स्लीपमधून उठताना कधीकधी पडदा काळाच राहायचा, पंखे फिरायचे, मग बटण दाबून बंद करून पुन्हा चालू. कंपनीच्या हेल्पलाइनला मेल टाकला. उत्तर आलं की नवीन बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्रॅम) टाका, त्यात हे दुरुस्त केलं आहे. हा मेल जपून ठेवला, पुढे तोच कामाला आला.

अपडेट बायोसच्या आतूनच केलं, विंडोजमधल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून नाही. पेन ड्राइव्ह लावली, फाइल निवडली, यूपीएस पूर्ण चार्ज होता. पट्टी १०० टक्क्यांपर्यंत गेली, मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, आणि त्यानंतर पडद्यावर काहीच नाही. बोर्डावर चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट, त्यातला रॅमचा दिवा लागून राहिला.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मशीन आत्ता याच अवस्थेत असेल तर आधी थांबा. डीडीआर५ च्या बोर्डावर बायोस बदलला की पहिल्या वेळी रॅमचं ट्रेनिंग नव्याने होतं. प्रत्येक स्टिकशी किती वेगाने आणि कोणत्या टायमिंगने बोलायचं हे बोर्ड तपासत बसतो, आणि तेवढा वेळ पडदा काळा आणि रॅमचा दिवा चालू असतो. काही मिनिटं सहज जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. लोक घाबरून मधेच वीज तोडतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मला हे माहीत होतं, म्हणून जेवून येईपर्यंत हात लावला नाही. परत आलो तर दिवा तसाच.

मग नेहमीचे उपाय. मेन स्विच बंद, केबल काढली, पॉवरचं बटण दाबून धरून उरलेली वीज उतरवली, सीआर२०३२ सेल काढून थोडा वेळ बाजूला ठेवला. दोन पिनांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसली. या पिना नेमक्या ग्राफिक्स कार्डाच्या खाली येतात. कार्ड काढल्याशिवाय तिथे बोट जात नाही, आणि कार्डाचा खटका दाबायलाही जागा नाही. ज्याने हा आराखडा केला त्याने स्वतः कधी केस उघडून हे काम केलेलं नसावं. एकच स्टिक ठेवून पाहिलं, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत, जी मॅन्युअलमध्ये एकट्या स्टिकसाठी सांगितली आहे. मग दुसरी स्टिक. एम.२ ड्राइव्ह काढली, यूएसबीचं सगळं काढलं. दिवा रॅमवरच.

हे सगळं ऐन लगीनसराईत. अक्षय्य तृतीयेच्या लग्नांचे अल्बम अर्धवट, गिऱ्हाइकांचे फोन, 'भाऊ, आमना फोटो कव्हय भेटतीन?' त्यांना बायोस काय आणि ट्रेनिंग काय सांगणार. ज्या घरातलं कार्य झालं त्यांचे फोटो माझ्याकडे अडकलेत, एवढंच खरं. बोर्ड मेला तरी डिस्कवरचा डेटा मरत नाही हे माहीत असूनही त्या रात्री झोप नीट लागली नाही.

हेल्पलाइनला फोन केला. समोरच्या बाईंनी सभ्यपणे, पण कागदावरचं वाचावं तसं विचारलं. रॅम काढून लावली का सर, सेल काढला का सर. सगळं केलंय म्हटल्यावर बोर्ड सर्व्हिस सेंटरला जमा करायला सांगितलं. जळगावला गेलो. तिथे दुरुस्ती होत नाही, बोर्ड फक्त घेऊन पुढे पाठवतात. काउंटरवरच्या माणसाने बोर्ड हातातही न घेता सांगितलं की अपडेट करताना गेलेला बोर्ड वॉरंटीत धरतील की नाही सांगता येत नाही, आणि धरला तरी तीन-चार आठवडे लागतील. मी मोबाइलवर मेल दाखवला. अपडेट करा असं तुमच्याच कंपनीने लेखी सांगितलंय, मग ते बिघडल्याचं ओझं माझ्यावर कसं? त्यावर 'वर बोला'. वर म्हणजे पुन्हा तीच हेल्पलाइन. बोर्ड जमा न करता परत आणला, आणि त्या दिवशी रेटिंग टाकायला सांगितलं असतं तर एक तारा दिला असता.

चिप बाहेरून लिहून देणारे कारागीर आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बायोस ज्यात असतो ती आठ पायांची चिप, एएम५ च्या, म्हणजे माझ्या रायझनच्या सॉकेटच्या, बोर्डांवर बहुतेक ३२ एमबीची, तिला चिमटा लावून प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या यंत्राने पुन्हा लिहितात. धुळ्यातल्या अशा एकाला फोन लावला, भाव विचारायचा म्हणून. त्याने भाव सांगायच्या आधी विचारलं, 'दादा, बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी, एक बारीक बटण आहे का? असेल तर माझ्याकडे येऊ नका, पैसे वाचवा.' बटण होतं. अशा माणसाचं नाव इथे लिहायची फार इच्छा आहे, पण त्याच्या परवानगीशिवाय लिहीत नाही. स्वस्त काळा प्रोग्रॅमर ऑनलाइन मागवून घरी प्रयोग करू नका, हेही त्यानेच बजावलं. सीएच३४१ए नावाचा तो काळा प्रोग्रॅमर चिपच्या डेटाच्या पायांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट देतो, आणि काही बोर्डांवरच्या चिप तर १.८ व्होल्टच्या असतात.

आता त्या बटणाबद्दल. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगळं नाव देतात, पण बायोस फ्लॅशबॅक म्हटलं की कळतं. बोर्डावर एक छोटा वेगळा कंट्रोलर असतो. तो प्रोसेसर किंवा रॅमची वाट न पाहता पेन ड्राइव्हवरची फाइल थेट त्या चिपवर लिहितो. प्रोसेसर खाचेत नसला तरी चालतं. फक्त २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची पॉवर केबल लागलेली हवी आणि मागचा मेन स्विच चालू. म्हणजे बायोस पूर्ण बिघडलेला असला तरी हा रस्ता उघडा राहतो. याच कामासाठी ते दिलेलं आहे.

फाइल शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर उतरवली. झिप उघडून आतल्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तंतोतंत द्यावं लागतं, आणि ती फोल्डरमध्ये न ठेवता थेट पेन ड्राइव्हवर टाकावी लागते. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. माझी नवीन ६४ जीबीची ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये होती, आणि विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय येत नाही. शेजाऱ्याच्या ड्रॉवरमधली जुनी ८ जीबीची चालली. मागच्या यूएसबीपैकी एकाच खाचेभोवती चौकोन आखलेला असतो, त्यातच लावायची. बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं, आणि शेजारचा लाल दिवा हळू लुकलुकायला लागला. थोड्या वेळाने लुकलुकण्याचा वेग वाढला. त्या पाच-सहा मिनिटांत मी यूपीएसपासून नजर हलवली नाही. दिवा विझला, मशीन चालू केलं, पंखे फिरले, रॅमचा दिवा लागला, बराच वेळ तसाच राहिला. मग विझला आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं.

फाइल तीच होती, त्याच व्हर्जनची. म्हणजे बोर्डही ठीक होता आणि फाइलही ठीक होती, पहिल्या वेळी चिपवरचं लिखाणच बिघडलेलं होतं. तीन-चार आठवडे जो बोर्ड कुरिअरमध्ये फिरला असता तो एका बटणाने दुकानातच उठला.

माझा राग इथेच आहे. हे बटण कंपनीनेच बसवलंय, त्याची कृती कंपनीच्याच मॅन्युअलमध्ये आहे, आणि फोनवरच्या बाईंनी, मेल लिहिणाऱ्याने, काउंटरवरच्या माणसाने, एकानेही त्याचा उच्चार केला नाही. बॉक्समध्ये छापील मॅन्युअलही नाही, क्यूआर कोडचा एक कागद आहे. ज्या दिवशी मॅन्युअलची खरी गरज पडते त्या दिवशी कॉम्प्युटर बंद असतो, आणि मोबाइलच्या बोटभर पडद्यावर शंभर पानांची पीडीएफ चाळत बसावं लागतं. बारा-पंधरा हजारांच्या बोर्डासोबत चार पानांची छापील पुस्तिका देणं परवडत नाही का?

बोर्ड घेताना दुकानदाराने याच कंपनीचा दुसरा बोर्डही दाखवला होता, हजार-बाराशे रुपयांनी स्वस्त. चिपसेट तोच, खाचा त्याच, फक्त हे बटण नाही. तेव्हा हे हजार रुपये कशाचे असं मी त्याला विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, 'अडचणीच्या वेळी कळेल.' पैशाचा हिशेब मी काटेकोर करतो, आणि आज सांगतो, हे हजार रुपये वायफाय, रंगीत दिवे किंवा जाड हीटसिंक यांच्या आधी खर्च करा.

पुढची गोष्ट बरेच जण विसरतात. मशीन उठलं म्हणजे काम संपलं असं नाही. पडद्यावर विंडोजच्या आधी निळ्या पानावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ आकडी की मागितली गेली. बायोस बदलला की टीपीएमला, म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या सुरक्षा भागाला, मशीन ओळखीचं वाटत नाही, म्हणून हे होतं. विंडोज ११ चं २४एच२ हे व्हर्जन कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं असेल तर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतही. माझ्याकडे कीची प्रिंट फाइलला लावलेली होती. नसेल तर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरून लॉगिन करून पाहता येते. ही की कुठेच नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावूनही फोटो उघडणार नाहीत. ज्यांच्या डिस्कवर लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत त्यांनी ही की आजच लिहून ठेवावी, आणि बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं थांबवून ठेवावं. कंपनीच्या मेलमध्ये याबद्दल एक ओळ नव्हती.

सेटिंगही सगळी मूळ पदावर जातात. माझी रॅम ६००० ची, ती ४८०० वर चालत होती. टास्क मॅनेजरमध्ये पाहिल्यावर कळलं आणि एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग, परत चालू केलं. पंख्यांचा वेग पुन्हा लावला. मशीन दर वेळी सुरू व्हायला वेळ घेत होतं, तेव्हा बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हे सेटिंग चालू केल्यावर दर वेळचं ट्रेनिंग थांबलं.

आणि हे लिहायलाच हवं: ज्यासाठी अपडेट केलं ती स्लीपची खोड खरंच गेली. तेव्हापासून एकदाही काळा पडदा नाही. त्यामुळे बोर्डाबद्दलचं माझं मत पुन्हा वर आलंय. सर्व्हिसबद्दलचं नाही.

तक्रारीचं म्हणाल तर हेल्पलाइनला लेखी पाठवलंय की फ्लॅशबॅकची माहिती तुमच्या फोनच्या प्रश्नावलीत घाला, आणि तुमच्याच सांगण्यावरून केलेल्या अपडेटने बोर्ड गेला तर वॉरंटी धरणार की नाही ते स्पष्ट लिहून द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवणार. कोणाचा बोर्ड असाच नाकारला असेल तर लक्षात ठेवा, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. हेल्पलाइनचे मेल मात्र पुसू नका.

बोर्डाला साडेचार तारे, सर्व्हिसला एक. नवीन घेणाऱ्यांनी दुकानातच बॉक्स उघडायला लावून मागची पट्टी पाहावी. बटण नसेल तर तोच बोर्ड दोन हजारांनी स्वस्त मिळत असला तरी मी घेणार नाही.