कॅरामल ॲपल: क्राफ्टची पिशवी घ्यावी की घरी पाक करावा?

कॅरामल ॲपल म्हणजे काडीला टोचून वितळलेल्या कॅरामलमध्ये बुडवलेलं सफरचंद. सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या किराणा दुकानांत सफरचंदांच्या ढिगाशेजारी क्राफ्ट या खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या कॅरामलच्या, म्हणजे साखर-दुधाच्या मऊ, चिवट टॉफीच्या पिशव्या मांडल्या जातात, आणि हॅलोविन होईपर्यंत तिथून हलत नाहीत. पिशवी ११ औंसांची, म्हणजे ३१२ ग्रॅमची. त्यात दोन प्रकार मिळतात: कागदात गुंडाळलेले चौकोनी तुकडे आणि बिनकागदाचे बारीक बिट्स. चव जवळपास सारखीच. सफरचंदांसाठीच घ्यायचं असेल तर बिट्स घ्या. एकेक कागद सोलत बसण्यात काहीच मजा नाही.

कॅरामल ॲपलचं श्रेय क्राफ्टमधल्या डॅन वॉकर यांना देतात. त्यांनी १९५०च्या दशकात ही कृती काढली असं सांगतात. पण शिकागोची ‘ॲफी टॅपल’ कंपनी १९४८ पासून कॅरामल ॲपल विकते आहे, त्यामुळे या श्रेयावर फार भरवसा ठेवू नये.

एका पिशवीत मध्यम आकाराची चार सफरचंदं नीट होतात. पाचवं ओढूनताणून केलं तर तळाशी सालं दिसत राहतात. वितळवताना दोन मोठे चमचे पाणी घालायची पद्धत आहे, पण त्याने कॅरामल पातळ होतं आणि सफरचंदावरून ओघळून खाली साचतं. त्याऐवजी एक मोठा चमचा हेवी क्रीम (दाट, जास्त फॅटची साय) घाला. दाटपणा राहतो आणि चवीतही फरक पडतो. तो पडणारच, कारण या कँडीत कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला पाक), साखर आणि साय काढलेलं दूध आहे, पण लोण्याच्या जागी पाम तेल आहे. मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं पुरतात, दर मिनिटाला बाहेर काढून ढवळायचं. फेटायचं मात्र नाही. फेटलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि थरावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

बरेचजण कॅरामल घसरलं की पिशवीला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा सफरचंदाच्या सालीचा असतो. दुकानातल्या सफरचंदांवर चकाकीसाठी कार्नोबा मेणाचा किंवा लाखेचा हात फिरवलेला असतो आणि त्यावर काहीच धरत नाही. पाणी उकळून त्यात चमचाभर व्हिनेगर घाला, एकेक सफरचंद पाच-दहा सेकंद बुडवून काढा आणि खरबरीत कापडाने पुसा. साल मंद, धुरकट दिसली की मेण गेलं. जास्त वेळ ठेवलंत तर सालीखालचा गर शिजून मऊ पडतो. बागेतून थेट आणलेल्या फळांना ही आंघोळ बहुधा लागत नाही, साधं धुणं पुरे.

दुसरा शत्रू ओल. फ्रिजमधून काढलेल्या सफरचंदावर दव धरतं आणि कॅरामल त्या पाण्याच्या पडद्यावर बसतं, सालीवर नाही. म्हणून फळं तीन-चार तास आधी बाहेर काढून ठेवावीत, देठाजवळचा खळगाही टिपून घ्यावा. देठ पिरगाळून काढायचा आणि काडी तिथूनच, फळाच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत दाबायची. आरपार गेली तर खालून रस झिरपतो. जात म्हणाल तर ग्रॅनी स्मिथ: आंबट, कडक, आकाराने आटोपशीर. हनीक्रिस्प छान लागतं, पण बहुधा इतकं मोठं असतं की एकाला दोघांचं कॅरामल लागतं. रेड डेलिशस घेऊच नका. गोडावर गोड, त्यात गर पिठूळ.

आता घरचा पाक. बारा सफरचंदांना २२५ ग्रॅम लोणी, ४४० ग्रॅम ब्राउन शुगर, एक कप लाइट कॉर्न सिरप आणि कंडेन्स्ड मिल्कचा ३९६ ग्रॅमचा डबा. भारतात कॉर्न सिरपऐवजी बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज चालतं. त्याचं काम तेच, जे आपण पाकात लिंबू पिळून करून घेतो: साखर परत कणीदार होऊ द्यायची नाही. इथे मात्र लिंबू पिळू नका, दूध फाटेल. जाड बुडाचं, किमान चार लिटरचं पातेलं घ्या, कारण मिश्रण फसफसून वर येतं. आच मध्यम ठेवा आणि तळ खरवडत सतत ढवळा. हात थांबला की कंडेन्स्ड मिल्क तळाला लागतं आणि कॅरामलमध्ये तपकिरी ठिपके येतात.

पाक काढायचा ११८ ते १२० अंश सेल्सिअसला, म्हणजे २४५ ते २४८ फॅरनहाइटला. आपल्या भाषेत घट्ट गोळीबंद: गार पाण्याच्या वाटीत टाकलेला थेंब हातात घेतल्यावर गोळी आकार धरून राहते, पण दाबली की दबते. ११५ला उतरवलात तर रात्रीतून कॅरामल खाली बसतं. १२३च्या पुढे गेलात तर दातांची परीक्षा. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समुद्रसपाटीला तो १०० दाखवायला हवा; ९८ दाखवत असेल तर पाकही दोन अंश आधी उतरवा. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात पाणीच ९५च्या आसपास उकळतं, तिथे पाच अंश वजा करायला विसरलात तर हमखास दगड होतो. शेवटी व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ.

उतरवल्या उतरवल्या बुडवू नका. पाक ९० ते ९३ अंशांवर येऊ द्या. पातेलं तिरकं धरून सफरचंद फिरवा, उचलून उलटं-सुलटं करत ओघळ थांबेपर्यंत धरा आणि बूड कडेला पुसून घ्या. हे पुसणं टाळलं की खाली चकतीसारखा पाय पसरतो. ठेवायला लोण्याचा हात फिरवलेला बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणकागद चिकटतो आणि सोलून निघत नाही. दाणे लावायचे तर दोन मिनिटं थांबून लावा, लगेच लावले तर कॅरामलसकट घसरतात.

बाजारात कॅरामलचे गोल पापुद्रेही मिळतात, सफरचंदाभोवती गुंडाळून किंचित गरम करायचे. लहान मुलांच्या हाती गरम पाक नको असेल तेव्हा ठीक. काडीजवळ चुण्या राहतात आणि थर पातळ पडतो.

पिशवीला पाचपैकी तीन गुण. चार सफरचंदं, पंधरा मिनिटं, भाजण्याची भीती कमी. यासाठी ती योग्यच आहे. आठाच्या वर करायची असतील तर घरचा पाक चवीत कितीतरी पुढे आहे.

कोणताही मार्ग घेतलात तरी तयार सफरचंदं फ्रिजमध्येच ठेवा. २०१४च्या शेवटी अमेरिकेत विकतच्या कॅरामल ॲपलमधून लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली होती आणि ३५ जणांना लागण झाली. काडीच्या भोकातून रस वर येतो, कॅरामल आणि सालीच्या मध्ये अडकतो, आणि बाहेर राहिलेल्या फळात तिथे जंतू वाढतात. तीन-चार दिवसांत संपवा. खाण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि काडीच्या बाजूने चार फाका कापा. अख्खं चावायला गेलात तर निम्मं कॅरामल हनुवटीला लागतं.