मायांची सृष्टिकथा: भिंतीवरची आणि थाळीवरची

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांची सृष्टिकथा पाहायची तर ग्वाटेमालातील सान बार्तोलोची भित्तिचित्रे निवडावीत की बॉस्टनच्या संग्रहालयातील मातीची चित्रित थाळी? इ.स.पू. १०० च्या सुमाराची, २००१ मध्ये उजेडात आलेली भित्तिचित्रे निश्चितच अधिक विस्तृत आहेत. त्यांत विश्ववृक्षांसमोर तरुण देव स्वतःचे रक्त अर्पण करतात आणि विश्वरचनेच्या ओघातच राज्याभिषेकही येतो. त्यानंतर कित्येक शतकांनी रंगवलेल्या थाळीवर एकच क्षण आहे: पृथ्वीरूपी कासवाची पाठ दुभंगून मक्याचा देव वर येतो, दोन्ही बाजूंना त्याचे जुळे पुत्र असतात आणि त्यांतला एक, उगवत्या कोंबाला घालावे तसे, पाणी ओततो. राजसत्तेचा दावा समजून घेण्यासाठी भित्तिचित्रेच हवीत. तरीही मी थाळीकडे झुकतो, कारण मक्यापासून माणूस घडला ही श्रद्धा इथे मक्याचे पदार्थ वाढण्याच्या भांड्यावरच रंगवलेली आहे.